ऐकायचे पैसे द्या, नाहीतर बदलायचे द्या



आज मोसंबीची नोंद नाही, कापसाचीही नाही. आज चाकाच्या आवाजावर लिहायचं आहे. लेख मोठा झालाय आणि जरा कडकही झालाय. गॅरेजवाल्या मित्रांना राग येईल, शेतकरी भावांनाही येईल. दोघांनी शेवटपर्यंत वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आवाज कुठून येतो हे न शोधता पार्ट बदलणं ही दुरुस्ती नाही, तो मटका आहे. लागला तर लागला. अन् या मटक्यात पैसा आपला जातो, वेळ पडली तर जीवही आपलाच जातो.

माझ्याकडं १९९६ सालची महिंद्रा कमांडर आहे. मोसंबीचे क्रेट, खताच्या गोण्या, लग्नाचं वऱ्हाड, रात्री-बेरात्रीचा दवाखाना, सगळं तिच्यावरच. १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ती फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. तीही भरली. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचा नियम काढला, पण त्याला गाडी ५० वर्षांची लागते. म्हणजे तो मान मिळायला माझ्या गाडीला २०४६ साल उजाडावं लागेल. तोवर ती ना मानाची ना भंगाराची, नुसती कामाची. आपल्या जिल्ह्यात अशा कामाच्या जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. जीप, कमांडर, एखाद्याच्या वाड्यात ॲम्बेसेडर, कुणाची प्रीमियर पद्मिनी. हा लेख त्या सगळ्यांसाठी.

या पावसाळ्यानंतर गाडीच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. चाळीसच्या पुढं काटा गेला की सुरू, जितका वेग तितका मोठा. तीन जाणकारांनी तीन निदानं केली. पहिला म्हणाला, टायर गेले, पुढचे दोन्ही टाका. दुसरा म्हणाला, मागचा क्राऊन बोलतोय, डिफरेन्शियल उतरावं लागेल. तिसरा म्हणाला, "काका, चारी चाकांचे बेरिंग बदलून टाकू, टेन्शनच नको." तिघांचा हिशेब जोडला तर पंचवीस हजारांच्या वर जात होता. आणि एक चौथा शहाणा होताच, "कशाला खर्च करता, देऊन टाका भंगारात."

तिघांपैकी एकानंही गाडी माझ्यासोबत रस्त्यावर चालवून पाहिली नाही. एकानंही चाक उचललं नाही. गाडी दारात उभी, इंजिन बंद, आणि निदान तयार! उभ्या गाडीचं चाक बोलतं का हो?

आता कुणी म्हणेल, तुम्ही मिस्त्री लोकांवर घसरले. थांबा, आपल्यावरही येतो. पण आधी हे सांगतो की आवाज ओळखणं ही काही जादू नाही. ज्याला बैलाच्या चालीवरून कोणता खूर दुखतो ते कळतं, त्याला हेही कळतं. आपल्या आज्या-पणज्यांना बैलगाडीचं चाक कुरकुरलं की कळायचं, वंगण संपलं का तुंबा झिजला. त्यासाठी ते अख्खं चाक फेकून देत नव्हते.

मी काय काय तपासलं ते क्रमानं लिहितो. हे करायला एकही पैसा लागत नाही.

पहिलं, टायर का दुसरं काही? टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो. गुळगुळीत डांबरावर वेगळा, खडबडीत गिट्टीच्या रस्त्यावर वेगळा, सिमेंटच्या रस्त्यावर तिसराच. माझा आवाज तिन्ही रस्त्यांवर एकसारखा. तरी खात्रीसाठी पुढच्या चाकांच्या जागी आळीपाळीनं स्टेपनी लावून पाहिली. आवाज तसाच. म्हणजे टायर सुटला. दहा हजार वाचले.

दुसरं, क्राऊन का चाक? मोकळा सरळ रस्ता पाहून ॲक्सिलरेटर द्या, मग सोडा. डिफरेन्शियलचा आवाज ओढीवर असतो, ओढ दिली की एक सूर, सोडली की दुसरा. चाकाच्या बेरिंगला तुमच्या ॲक्सिलरेटरशी घेणंदेणं नसतं, त्याला फक्त वेग कळतो. मी दिला-सोडला, सूर बदलला नाही. न्यूट्रलमध्ये थोडं जाऊ दिलं, तरी तोच. हे मोकळ्या सपाट रस्त्यावरच करा, उतारावर नाही. क्राऊनही सुटला.

तिसरं, कोणती बाजू? ही सगळ्यात कामाची तपासणी आहे. डावीकडं वळलं की गाडीचं वजन उजव्या चाकावर येतं, उजवीकडं वळलं की डाव्यावर. लांब वळणावर माझी गाडी डावीकडं वळताना आवाज वाढायचा अन् उजवीकडं वळताना जवळजवळ बंद व्हायचा. म्हणजे दुखणं उजव्या बाजूला.

हे असं का होतं तेही समजून घ्या. आपल्या पुढच्या चाकात जे बेरिंग असतं त्याचे रोलर सरळ नसतात, निमुळते असतात, गाजरासारखे. हे बेरिंग अमेरिकेतल्या हेन्री टिमकननं काढलं, १८९८ साली त्याला पेटंट मिळालं. तो काही मोटारवाला नव्हता, सेंट लुईस गावात घोडागाड्या बनवायचा. वळणावर गाडी बाहेर ढकलली जाते, तो बाजूचा जोर साध्या सरळ रोलरला पेलत नाही. निमुळता रोलर वजनही पेलतो आणि बाजूचा जोरही. म्हणूनच वळणावर त्या बेरिंगचं खरं सत्व दिसतं. घोडागाडीवाल्यानं शोधलेली वस्तू आहे, शेतकऱ्याला कळणार नाही असं काही नाही.

चौथं, पुढचं का मागचं? आता जॅक लावायचा. सपाट कडक जागा, बाकीच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, एक्सलखाली लाकडी ठोकळा किंवा स्टँड पाहिजेच. माझं उजवं पुढचं चाक उचललं. चाक हातानं फिरवत दुसरा हात पाट्यावर ठेवला. चांगल्या चाकाला पाट्यावर काहीच लागत नाही. खराब बेरिंगची घरघर पाट्यातून तळहाताला लागते, जात्यात खडा आल्यासारखी. मला लागली. डावं चाक उचलून तसंच केलं, तिथं काही नाही. मागची दोन्हीही पाहिली, शांत.

पाचवं, बेरिंग का किंगपिन? चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवायचं. हललं तर लोक लगेच म्हणतात बेरिंग गेलं. तसं नसतं. घरातल्या पोराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेकनं ड्रम आणि प्लेट एक होतात. आता ढिलेपणा गेला तर तो बेरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा. माझा गेला. डावी-उजवी बाजू धरून हलवलं तर स्टिअरिंगचे बॉल जॉइंट कळतात. ते ठीक होते.

सहावं, ऊन. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ब्रेक फार न लावता थांबा आणि चारी हबजवळ हात न्या. एकदम चिकटवू नका, भाजेल. एकच हब जास्त तापत असेल तर तिथं काहीतरी आहे. पण ब्रेक लायनर घासत असला तरी हब तापतो, म्हणून नुसत्या उन्हावर निकाल देऊ नका.

बाकीचे आवाजही ओळखायला शिका. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा टक् वाजत असेल तर आधी टायरच्या खाचेतला दगड पाहा, मग चाकाचे नट. ढिले नट ही चेष्टा नाही, चाक निसटतं. ब्रेक दाबला की चीं आवाज बदलतो, तर तो ब्रेकचा. गाडी हलतानाच एकदा खट्, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. खड्ड्यात गेलं की कुईं, तर पाट्याचे बुश. इतकं कळलं तरी अर्धी फसवणूक थांबते.

एका सकाळचं काम. अर्धं रस्त्यावर, अर्धं जॅकवर. निकाल आला, उजव्या पुढच्या चाकाचं बेरिंग. एक चाक. चार नाही.

मग खोललं. गावातल्याच एका पोराला सोबत घेतलं, आयटीआय केलेला आहे, हात चांगला आहे. हब उघडल्यावर ग्रीस पाहिलं तर पिवळं-लाल नव्हतं, चहासारखं झालं होतं, मातकट आणि पाणी मिसळलेलं. आमच्या शेताला जायला नाला ओलांडावा लागतो. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढते. ऑइल सील चांगलं असलं तर ते अडवतं. माझं सील कडक होऊन चिरलं होतं, ओठच राहिला नव्हता. आत गेलं काळ्या मातीचं पाणी. बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन उन्हात पाहिलं. आतल्या मोठ्या बेरिंगच्या कोनवर खालच्या बाजूला, जिथं गाडीचं वजन पडतं, तिथं पोपडा निघालेला. बाहेरचं छोटं बेरिंग मात्र स्वच्छ, एक डाग नाही.

आता माझा खरा मुद्दा इथं आहे, नीट वाचा. चारी चाकांचे बेरिंग बदलणारा भाऊ आवाज बंद करून देणारच होता. पण त्याच्या हिशेबात ऑइल सील कुठंच नव्हतं, मी विचारलं होतं. जुनंच सील परत बसलं असतं. पुढच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी परत आत गेलं असतं, नवीन बेरिंगचा परत पोपडा निघाला असता, आणि आपण म्हणालो असतो, "आजकाल बेरिंगच डुप्लिकेट येतात." आवाज बेरिंगचा होता, दुखणं सीलचं होतं. आवाज बंद करणं आणि दुखणं बरं करणं यात एवढा फरक आहे.

मी आतलं बेरिंग कप-कोनसकट नवीन टाकलं. कप जुना ठेवून नुसता कोन बदलणारे आहेत, तसं करू नका, दोघं सोबतच झिजलेले असतात. सील नवीन. सील जिथं घासतं ती जागा बोटानं पाहिली, तिथं खोल खाच असती तर नवीन सीलही गळलं असतं. बाहेरचं बेरिंग धुऊन, पाहून परत बसवलं. ग्रीस व्हील बेरिंगचंच, आणि ते तळहातावर घेऊन रोलरच्या मधून पलीकडं निघेपर्यंत भरलं. वरून थापलेलं ग्रीस रोलरपर्यंत जात नाही. जुन्या ग्रीसमध्ये नवीन मिसळू नये, आधी सगळं पुसून धुऊन घ्यावं.

कसण्याबद्दल दोन शब्द. लोक चाकाचा नट नांगराचा बोल्ट आवळल्यासारखा आवळतात. निमुळतं बेरिंग असं कसलं तर तापतं आणि जळतं. चाक फिरवत फिरवत कसायचं म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट सोडायचा, मग हलक्या हातानं परत टेकवायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि ढिलेपणा नावापुरता. कुठल्या गाडीला खाचेचा नट आणि स्प्लिट पिन असते, फोर बाय फोर जीपला दोन नट आणि मध्ये वाकवायची वायसर असते. काहीही असो, लॉक नवीनच टाका. पाच-दहा रुपयांच्या पिनवर अख्खं चाक असतं. पन्नास किलोमीटरनंतर परत हात लावून ऊन आणि ढिलेपणा पाहा.

सगळा खर्च मजुरी धरून सतराशेच्या आत. आवाज गेला.

आता समोरच्यांचं म्हणणं. एक म्हणतात, खोललंच आहे तर सगळे बेरिंग बदलून टाकावेत, पुढची कटकट नको. ऐकायला बरं वाटतं. पण बाजारात नकली माल किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या कंपनीचं जुनं, डाग नसलेलं बेरिंग काढून त्या जागी डब्यावर मोठं नाव छापलेलं नकली बेरिंग बसवलं तर गाडी सुधारली का बिघडली? शिवाय कप काढताना-बसवताना छन्नीचे घाव घालणारे हात आहेतच, त्यात हब बाद होतो. बदलायचं तर अधिकृत दुकानातून, पक्क्या बिलावर. एसकेएफचा माल फोनवरून तपासायचं ॲपसुद्धा आहे.

पण हेही तितक्याच जोरात सांगतो की पोपडा, निळा पडलेला रंग, गंजाचे आडवे पट्टे, यातलं एक जरी दिसलं तरी घासाघीस करू नका, बदला. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की ओलाव्यानं रोलरच्या जागी असे पट्टे पडतात, ते ग्रीसनं जात नाहीत. "थोडं ग्रीस मारा, आवाज कमी होईल, हंगाम काढू" म्हणणारेही आपल्यातच आहेत. आवाज कमी होईल, पण बेरिंग अडकलं तर भर रस्त्यात चाक जागीच धरेल. मागं माणसं बसलेली असतात. जुनं ते सोनं म्हणायचं आणि त्या सोन्याला दोनशे रुपयांचं सील घालायचं नाही, हे प्रेम नाही, कंजुषी आहे.

दुसरं म्हणणं भंगारवाल्या शहाण्यांचं. आपलं जालना सळईचं गाव. गावोगावचं भंगार इथं येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. चांगला धंदा आहे, हजारो घरं त्यावर चालतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण भट्टी जवळ आहे म्हणून चालती गाडी तिच्यात टाकायची का? ज्या गाडीची चेसिस सरळ आहे, इंजिन धूर ओकत नाही, ब्रेक लागतो, ती एका सीलपायी भंगारात जात असेल तर तिला वय झालं असं म्हणू नका. तिला तपासणारा भेटला नाही असं म्हणा. आणि नवीन गाडीचा हप्ता मोसंबीच्या भावावर ठरत नाही, तो दर महिन्याला येतो.

आता आपल्याबद्दल बोलतो, म्हटलं होतं तसं.

मिस्त्री असं का वागतो? कारण आपण त्याला तसं वागायला लावलंय. आपण पार्टचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. एखाद्या मिस्त्रीनं तास-दीड तास गाडी चालवली, जॅक लावला, कान लावला आणि सांगितलं, "दादा, काही बदलायचं नाही, फक्त नट ढिला होता," तर आपण त्याला काय देतो? चहा! फार तर पन्नास रुपये. "केलंच काय त्यानं?" म्हणतो. आणि त्याच मिस्त्रीनं न बघता चार बेरिंग टाकले तर आठ-दहा हजारांचं बिल मुकाट्यानं भरतो, कारण जुने पार्ट पोत्यात दिसतात. मग त्यानं घर कसं चालवायचं? ऐकून का बदलून? जिथं पैसा आहे तिथंच त्याचा हात जाणार.

शेतात तरी काय वेगळं करतो आपण? मोसंबीचं झाड पिवळं पडलं. पाणी साचून मुळं कुजली, का चुनखडीमुळं लोह मिळत नाही, का डिंक्या लागला, हे कोण बघतं? बुडाशी खांदून बघायला दहा मिनिटं लागतात. त्यापेक्षा दुकानात जाऊन "पिवळं पडलंय, काहीतरी द्या" म्हणायचं आणि तीन बाटल्या एका पंपात कालवायच्या. झाड सुधारलं तर कोणत्या बाटलीनं सुधारलं ते माहीत नाही, नाही सुधारलं तर चौथी बाटली. शोधायचा कंटाळा आणि विकत घेण्याची घाई, हा एकच रोग आहे. तो गाडीला लागला, पिकाला लागला.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

शेतकरी भावांनो, तपासणीचे पैसे वेगळे द्या. गाडी दाखवतानाच सांगा, "आधी शोध, शोधायचे तीनशे-चारशे घे, काही बदलायचं नसलं तरी घे." बघा त्याची नजर कशी बदलते. आणि आवाज सांगताना नुसतं "आवाज येतोय" म्हणू नका. कोणत्या वेगाला, कोणत्या वळणाला, ब्रेकवर का ओढीवर, नाला ओलांडल्यापासून का गाडी उभी राहिल्यापासून, हे सांगा. डॉक्टरला सांगतो तसं.

मिस्त्री भावांनो, मालकाला शेजारी बसवून गाडी चालवल्याशिवाय निदान सांगू नका. काढलेला पार्ट धुऊन त्याच्या हातात द्या आणि कुठं खराब आहे ते बोटानं दाखवा. दाखवता येत नसेल तर बदलू नका. आणि बेरिंग का गेलं ते बिलावर एका ओळीत लिहा. सील, पाणी, कसणं, काहीतरी कारण असतंच. कारण न लिहिलेल्या बिलाचे पैसे अर्धेच द्यावेत, असं माझं मत आहे. तुम्हाला राग येईल, येऊ द्या. जो मिस्त्री कारण लिहील त्याच्याकडं मी गावातल्या दहा गाड्या स्वतः घेऊन येतो, हा शब्द.

आणि पोरांनो, गाडीत गाण्याचा आवाज वाढवला की चाकाचा ऐकू येत नाही, हा उपाय नव्हे. महिन्यातून एकदा गाणी बंद करून, काचा खाली करून, रिकाम्या रस्त्यावर पाच किलोमीटर गाडी चालवा. आज गाडी कशी वाजते ते माहीत असलं तरच उद्या वेगळं काय वाजतंय ते कळेल.

नाला ओलांडणाऱ्या सगळ्या गाड्यांचे पुढचे हब दिवाळीच्या आत एकदा उघडून पाहा. ग्रीस चहासारखं निघालं तर सील बदला. दोनशे रुपयांचं काम आहे.

राम राम.